आम्हाला पुडी आणायला पाठवू नका



व्यसन वाईट, हे आपण सगळेच म्हणतो. फळ्यावर सुविचार लिहितो, प्रभातफेरी काढतो. तरी गावात रोज हाक ऐकू येते, "बाळा, दुकानातनं एक पुडी आण बघू." आणि जातो कोण? चौथी-पाचवीतलं पोर. उरलेला रुपया त्याला गोळीला मिळतो. माझं मत असं, की हे आधी थांबलं पाहिजे.

कायदा काय सांगतो ते पाहा. २००३ सालच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, ती कुणालाच विकता येत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे कायदा कमी नाही. पण घरचंच माणूस मुलाला पाठवतं, म्हणून दुकानदार वय विचारत नाही. आज पोर बाबांसाठी पुडी नेतं. उद्या ते कुणासाठी नेतं, हे कोण बघतं? कुंपणानंच शेत खाल्लं तर राखण कुणी करायची?

तंबाखूत निकोटिन असतं. त्याची सवय लहान वयात लवकर जडते. गुटख्यातल्या सुपारीनं तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड पुरतं उघडत नाही, घास घेताना त्रास होतो. पुढं तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो.

पुडी खाऊन संपते, पण तिचा कागद संपत नाही. तंबाखू-गुटखा प्लॅस्टिकच्या पुडीत विकायला २०११ पासून बंदी आहे. तरी शाळेची सफाई करताना झाडूला आधी लागतात त्या चकचकीत पुड्याच. त्या कुजत नाहीत. गटारीत अडकून पाणी तुंबवतात. उकिरड्यावर चरणाऱ्या गुरांच्या पोटातही जातात.

शहरात आता ई-सिगारेट, म्हणजे व्हेप, नावाची वस्तू आली आहे. काही दिसायला पेनासारख्या असतात, वास फळांचा येतो, आत निकोटिन आणि बॅटरी. काही व्हेप तर एकदा संपल्या की बॅटरीसकट फेकून देतात. कचऱ्यात अशी बॅटरी दबली तर पेट घेऊ शकते. आपल्या देशानं २०१९ साली ई-सिगारेटवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेप विकायला बंदी झाली. बंदी चांगलीच आहे. पण पुडीसारखीच तीही कागदावर राहिली, तर उपयोग काय? आज पुडीचा कायदा पाळायची सवय लागली, तरच उद्या व्हेप गावाबाहेर राहील.

कुणी म्हणेल, दुकानदाराचं पोट त्यावर आहे. खरं आहे. पण वह्या, पेन्सिली, चिक्की, शेंगदाणे विकूनही दुकान चालतं, आणि ते आम्ही रोज घेऊ. कुणी म्हणेल, आजोबांची चाळीस वर्षांची सवय एका दिवसात कशी सुटेल? तेही खरं. ती आजच सोडा, असा हट्ट मी धरत नाही. फक्त ती आमच्या हातून मागवू नका, एवढंच मागणं आहे.

येत्या ग्रामसभेत पालकांनी हा विषय काढावा. शाळेच्या फाटकापासून ९१ मीटर मोजून तिथं पाटी लावावी. टेप धरायला आम्ही सातवीची मुलं येऊ. मित्रांनो, आपणही नम्रपणे पण ठाम सांगायचं, "दूध आणतो, मीठ आणतो, दळण आणतो, पुडी तेवढी सांगू नका."

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी