अजब बंगल्यातला नकाशा

नातवंडांना अजब बंगल्यात नेण्याची नागपूरकरांची रीत जुनी आहे. तिथल्या एका नकाशाची गोष्ट मात्र त्यांना फारसे कोणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरला आले होते. चांद्याकडचा लोखंडाचा शोध आपण सोडत आहोत, हे सरकार दरबारी सांगायला. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला दोराबजी संग्रहालयात शिरले आणि नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोहखनिजाच्या खुणा दिसल्या. टाटांचा कारखाना अखेर साकचीला झाला. पण दुर्गकडच्या धल्ली-राजहराच्या खनिजावर १९५९ साली भिलाईची भट्टी पेटली.

बँकेत असताना कारखान्याच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही विचारत असू, "माल किती टन?" माल कसला, हे क्वचितच. चूक तिथेच होती.

लोखंडात कार्बन वाढवला की बळ येते, पण ठिसूळपणाही येतो आणि वेल्डिंगला तडे जातात. म्हणून धातुशास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. कार्बन कमी ठेवायचा, शंभर किलोमागे किलो-दीड किलो मँगनीज घालायचे, आणि वरणात हिंग घालावा तसे नायोबियम किंवा व्हॅनेडियम, तेही साधारण शंभर ग्रॅमच्या आत. मग ठरावीक तापमानाला लाटायचे. नायोबियमचे सूक्ष्म कण पोलादाचे दाणे मोठे होऊ देत नाहीत. दाणा बारीक, म्हणून बळ आणि चिवटपणा दोन्ही. साधे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन ताण सोसते. हे ३५० ते ४५० आणि त्याहूनही अधिक.

युद्धनौकांसाठी असे पोलाद आपण परदेशातून आणत होतो. ते मिळेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने 'सेल'च्या साथीने डीएमआर २४९-ए घडवले. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'ला 'सेल'ने सुमारे ३०,००० टन पोलाद पुरवले. त्यात भिलाईचाही वाटा होता.

आता आपल्या दाराशी या. मनसर-गुमगावातून मँगनीज निघते. गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर खोदला जात आहे, कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहत आहे. एटापल्लीच्या गावांनी जंगल आणि धूळ यांच्या रूपाने किंमत मोजायची, आणि बदल्यात आपण केवळ टन मोजत बसायचे? पोलाद दीडपट बळकट झाले, तर कित्येक पुलांना ते कमी लागते. तेवढाच डोंगर वाचतो. अर्थात, गुण वाढला म्हणून खोदकाम आपोआप थांबणार नाही. ते बंधन सरकारनेच घालावे लागेल. पण नागपुरात विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्र शिकवले जाते. खाण आणि कारखान्याइतकाच आग्रह आपण प्रयोगशाळेचा, आणि तिथे गडचिरोलीच्या मुलांच्या जागांचा का धरू नये?

खनिज कुठे आहे, हे नकाशाने दोराबजींना सांगितले. त्याचे काय करायचे, हे नकाशा सांगत नसतो. ते आपण ठरवायचे असते.