‘वय झालं’ हे आजाराचं नाव नव्हे




निधनवार्तांचं पान मी रोज वाचते. माझ्या वयाची बहुतेक माणसं आधी तेच उघडतात. तिथे पुष्कळदा ‘वृद्धापकाळाने निधन’ एवढंच छापलेलं असतं. माणूस गेल्यावर तसं लिहिण्यात वावगं काही नाही. पण तो हयात असतानाही त्याच्या प्रत्येक तक्रारीला आपण हेच उत्तर देतो. दम लागतो? वय झालं. पाय सुजतात? वय झालं. जेवण जात नाही? वय झालं, चालायचंच. या उत्तरापायी उपचार होण्यासारखा त्रास अंगावर काढला जातो, म्हणून हे पत्र.

म्हाताऱ्या माणसाचं खालावणं डॉक्टरांच्या आधी पॅरिशला दिसतं. चालत मिस्साला येणारी आजी रिक्षाने येऊ लागते. मग गुडघे टेकायचं सोडते, मग मागच्या बाकावर बसते, आणि पुढे पहिल्या शुक्रवारी फादर तिच्यासाठी कम्युनियन घरी नेऊ लागतात. आजाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढतं. हे कशानं झालं, असं कुणी विचारत नाही.

पुष्कळदा कारण हृदयात असतं. ‘हार्ट फेल्युअर’ म्हटलं की हृदय बंद पडलं असं लोकांना वाटतं. तसं नाही. हृदय चालू असतं, पण लागेल तेवढं रक्त पुरवणं त्याला जड जातं आणि फुप्फुसांत, पायांत पाणी साठतं. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचं हृदय आकुंचन नीट पावतं. पण ते ताठर झाल्यामुळे पुरतं सैल होऊन भरत नाही. उतारवयातल्या बायकांत, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांत हा प्रकार जास्त. इकोच्या कागदावर ‘पंपिंग ६० टक्के’ वाचून घरचे निश्चिंत होतात आणि आजी मात्र तीन उशा लावून बसल्या बसल्या रात्र काढते. उशा वाढल्या, संध्याकाळी चप्पल घट्ट होऊ लागली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, तर ते म्हातारपण समजू नये. डॉक्टरांना दाखवावं.

दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. तरुणपणापासूनच ती आक्रसत जाते आणि साठीनंतर तिथे बहुतेक चरबीच उरते. म्हणजे नवी भरती जवळपास बंद, सगळी भिस्त जुन्या शिपायांवर. उलट शरीरात बारीक दाह मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत राहतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ असं नाव दिलं. त्याची धग रक्तवाहिन्या, हृदय आणि स्नायू या तिन्हींना लागते. त्यात फ्लू झाला तर? कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहा पट आढळला. आणि म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही; नुसतं जेवण सुटतं, बोलण्यात गोंधळ होतो.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं. २००७ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं होतं. हे निरोगी माणसांचं! आपल्या घरी ‘आजी, तू बस गं, मी आणून देते’ असं दिवसभर चालतं. त्यात माया असते, पण पाय त्यातच जातात. उलट, हार्ट फेल्युअरने इस्पितळात दाखल झालेल्या ३४९ वृद्धांवरचा अभ्यास २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ताकद, तोल आणि चालणं यांचा प्रत्येकाला झेपेल तसा व्यायाम दिल्यावर तीन महिन्यांत त्यांची हालचाल चांगली सुधारली. इस्पितळात परत जाण्याच्या वेळा मात्र विशेष कमी झाल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

कुणी म्हणेल, ऐंशीव्या वर्षी कशाला हा खटाटोप, देव ठेवील तसं राहावं. प्रश्न आयुष्य लांबवण्याचा नाहीच. न्हाणीघरापर्यंत आपल्या पायांनी जाता येतं की दुसऱ्यानं उचलून न्यावं लागतं, एवढाच आहे. आणि आमच्या वयात त्याहून मोठा प्रश्न नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी आयुष्मान योजना खुली केली. चांगलं झालं. पण ती इस्पितळात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी. दाखल व्हायची वेळच येऊ नये म्हणून लागणारी लस आणि व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आपल्याच खिशातून. इथे पॅरिशला काम आहे. मे महिन्यात, पावसाळ्याबरोबर फ्लू येण्याआधी, हॉलमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने लसीचा एक दिवस ठेवता येईल. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त लागले, तर स्नायू कमकुवत झाल्याचं ते लक्षण मानतात. ही परीक्षा युवकांची मंडळीही घेऊ शकतात. घरी वजनकाटा असावा. ज्यांना हा आजार आहे त्यांनी सुकी मासळी, पापड, लोणचं बेतानं घ्यावं. आणि लग्नाला जायचंय म्हणून लघवीची गोळी आपल्या मनाने चुकवू नये; वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या रविवारी बाकावरची एखादी नेहमीची जागा रिकामी दिसली, तर घरी जाऊन नुसती ‘तब्येत कशी आहे’ अशी चौकशी करू नका. विचारा, ‘आजी, रात्री उशा किती लागतात?’

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव