पंखा डब्यातच हवा

आटपाडीत 'कूलर' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो खिडकीतला, पाणी भरायचा पत्र्याचा खोका. मी लिहितोय ते मात्र प्रोसेसरवर बसवायच्या कूलरबद्दल. खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि वर तळहाताएवढा पंखा. पूर्वी प्रोसेसरच्या डब्यात तो असायचाच. २०१५ साली इंटेलने आय५-६६००के आणि आय७-६७००के हे प्रोसेसर त्याच्याशिवाय विकायला काढले. २०२२ साली एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले पहिले प्रोसेसरही तसेच आले. २०२३ च्या जानेवारीत साध्या ७६०० बरोबर मात्र पंखा परत आला, आणि बरं झालं.

महागड्या प्रोसेसरबद्दल माझी तक्रार नाही. तो घेणारा हौशी माणूस मोठा कूलर वेगळा घेतोच, डब्यातला माळ्यावर धूळ खात पडतो. त्याला नका देऊ. पण हाच न्याय उद्या साध्या प्रोसेसरला लावाल, तर माझा विरोध आहे.

फोनचा दाखला हमखास दिला जातो. २०२० साली ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढलाच की! अहो, पण घरातला जुना चार्जर बहुधा चालतो. जुना कूलर बसेलच असं नाही. इंटेलने २०२१ साली नवा सॉकेट आणला तेव्हा बोर्डावरच्या भोकांमधलं अंतरच ७५ मिलिमीटरवरून ७८ वर गेलं. शिवाय चार्जर नसला तरी फोन निदान चालू होतो. कूलरशिवाय कॉम्प्युटर कुणी चालवून बघू नये.

त्यात आमचा उन्हाळा. हा पंखा थंडावा तयार करत नाही, प्रोसेसरची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत सोडतो. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर राहतो, तो तेच काम करताना पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणार. १०० च्या जवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो. आणि माणदेशातला फुफाटा पात्यांत जाऊन बसतो तो वेगळाच.

मग एवढ्याशा पंख्याने काय होणार, असं कुणी विचारेल. निदान तो त्या प्रोसेसरच्या मापाचा असतो, पेस्ट आधीच लावलेली असते. डाळिंबाचे पैसे आल्यावर पोराला पहिला कॉम्प्युटर घेणाऱ्या बापाला कूलर वेगळा घ्यायचा असतो हेच ठाऊक नसतं. मग दुकानात हाताशी असेल तो बसतो. कधी दुसऱ्या मशीनचा काढलेला, एका बाजूने सैल. मे महिन्यात मशीन आपोआप बंद पडायला लागलं की दोष जातो विजेला नाहीतर पोराच्या गेमला!

नातेवाईक मंडळींपैकी कुणी दिवाळीत मशीन जुळवणार असेल, तर बिल करण्याआधी एवढंच विचारा: प्रोसेसर डब्यातला की सुटा? सुटा थोडा स्वस्त सांगतात. त्यात पंखा नसतो.