मोजणीबाहेरचा श्रोता

कोल्हापुरात सर्वाधिक ऐकली जाणारी एफएम वाहिनी कोणती, असा प्रश्न चौकात उभे राहून विचारला तर उत्तरे चटकन मिळतात. रिक्षावाला एक नाव सांगतो, गुजरीतील सराफ दुसरे, महाविद्यालयीन तरुण तिसरेच. पण आकड्यांच्या आधारे सिद्ध करता येईल असे उत्तर कोणाकडेही नाही. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची मोजणी दर आठवड्याला होते, वृत्तपत्रांचा खप तपासला जातो. कोल्हापूरच्या रेडिओ श्रोत्याची मात्र अशी नियमित, स्वतंत्र मोजणी झालेली नाही. जाहिरातीचे दर, कार्यक्रमांचा दर्जा आणि प्रक्षेपणाचा आवाका हे सारे ज्या एका आकड्यावर ठरायला हवे, तोच आकडा येथे उपलब्ध नाही. वरवर पाहता हा वाहिन्या आणि जाहिरातदार यांच्यातील व्यवहाराचा प्रश्न वाटतो. पंचगंगेला पूर आला की तोच प्रश्न सार्वजनिक होतो.

लिलावापासून आजपर्यंत

केंद्र सरकारने २००५ मध्ये खासगी एफएमचे दुसऱ्या टप्प्याचे धोरण जाहीर केले आणि २००६ मध्ये देशातील लहान-मोठ्या शहरांसाठी बोली लागली. तोवर खासगी एफएम ही महानगरांची चैन होती. कोल्हापुरात 'आकाशवाणी'चे १०२.७ मेगाहर्ट्झवरील केंद्र होते आणि सांगलीचे आकाशवाणी केंद्र तर १९६३ पासून या परिसराच्या घराघरांत पोहोचलेले होते. दुसऱ्या टप्प्यात 'पुढारी' समूहाची 'टोमॅटो एफएम' ही ९४.३ वर आणि 'रेडिओ मिर्ची' ९८.३ वर आली. २०१५ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा लिलाव झाला तेव्हा 'रेडिओ सिटी'नेही कोल्हापूरचा परवाना मिळवला. स्थानिक वृत्तपत्रसमूह, राष्ट्रीय पातळीवरील माध्यमकंपन्या आणि सरकारी नभोवाणी अशी तिहेरी स्पर्धा एका मध्यम शहरात उभी राहिली.

या स्पर्धेचे मैदान मात्र धोरणानेच आखून दिलेले आहे. परवान्यांसाठी शहरांची वर्गवारी लोकसंख्येवरून होते. तीन ते दहा लाखांच्या शहरांचा 'क' वर्ग. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती, म्हणून ते या वर्गात बसते. प्रक्षेपकाची शक्ती आणि अँटेनाची उंची यांच्या मर्यादाही वर्गानुसारच ठरतात. शिवाय एका शहरातील खासगी वाहिन्यांनी साधारणपणे सामाईक मनोऱ्यावरूनच प्रक्षेपण करावे, असा दंडक आहे. परिणामी एका वाहिनीचा आवाका दुसरीपेक्षा फार मोठा असण्याची शक्यताच उरत नाही. मनोरा सामाईक आणि गाणीही बहुतांशी तीच असतील, तर वेगळेपण दाखवायला शिल्लक राहते ते नाव.

नावाचा बाजार

भाजीमंडईतील दोन जिन्नस रेडिओची नावे झाले, हा योगायोग नव्हे. रेडिओला चेहरा नसतो आणि हातात धरता येईल अशी वस्तूही त्यातून मिळत नाही. त्यामुळे नाव असे लागते की जे एकदा ऐकले की डोळ्यांपुढे रंग उभा राहील आणि जिभेवर चव येईल. गाणे संपताच नाव, निवेदकाच्या बोलण्याआधी नाव, जाहिरातीनंतर पुन्हा नाव आणि त्याला जोडून कंप्रतेचा आकडा, या पुनरुक्तीने श्रोते वैतागतात. पण तिच्यामागे मापनपद्धतीचा इतिहास आहे.

'टॅम मीडिया रिसर्च'ने २००७ मध्ये 'रॅम' ही रेडिओ श्रोतृमापनाची पद्धत सुरू केली, तेव्हा तिचा आधार दैनंदिनी हा होता. निवडलेल्या श्रोत्याने आपण कोणत्या वेळी कोणती वाहिनी ऐकली ते वहीत लिहायचे. यंत्र बसवून दूरचित्रवाणी मोजता येते; रेडिओ मात्र श्रोत्याच्या आठवणीवर मोजला गेला. ज्या वाहिनीचे नाव आठवले तीच 'ऐकली' गेली. आठवणीत राहणे हेच लोकप्रियतेचे मोजमाप झाल्यावर नावाचा घोष वाढणे क्रमप्राप्त होते. ही मोजणी दिल्ली, मुंबई, बेंगळुरू आणि कोलकाता या महानगरांपुरती होती. कोल्हापूरच्या वाट्याला ती मोजणी आली नाही, पण तिने लावलेली सवय मात्र आली.

नाममुद्रेचे महत्त्व खासगी वाहिन्यांनाच कळले असेही नाही. 'आकाशवाणी' हे नाव १९३५ मध्ये म्हैसूर येथे सुरू झालेल्या एका खासगी नभोवाणी केंद्राने रूढ केले आणि पुढे १९५० च्या दशकात सरकारी नभोवाणीने ते स्वीकारले. मे २०२३ मध्ये प्रसार भारतीने 'ऑल इंडिया रेडिओ' हे इंग्रजी नाव बाजूला सारून सर्वत्र 'आकाशवाणी' हेच नाव वापरण्याचा आदेश काढला. मराठी श्रोत्याला त्यात नवे काहीच नव्हते. त्याच्या तोंडी ते नाव पिढ्यान् पिढ्या होतेच. कोल्हापूरपुरते बोलायचे तर नावापेक्षा बोली अधिक टिकाऊ ठरते. येथील रांगड्या बोलीचा लहेजा, तालमींची आणि पेठांची नावे, कुस्ती आणि फुटबॉल यांचे वेड हे ज्या निवेदकाला साधते तो श्रोत्याला आपला वाटतो. स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांचे थेट समालोचन करण्यास तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात वाव आहे. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर रंगतो, तेव्हा त्या तरतुदीचे मोल कोल्हापुरात वेगळे सांगावे लागत नाही.

शहर एक, जिल्हा दुसरा

प्रश्न उरतो तो शहराच्या वेशीपलीकडचा. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे ज्या शहराच्या नावाने परवाना दिला गेला, त्याच्या सातपट लोक जिल्ह्यात राहतात. त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत शहरातला आवाज पोहोचतो?

एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जमिनीच्या वळणाचा विचार करता १०० मीटर उंचीच्या अँटेनाची दृष्टी सपाट प्रदेशात सुमारे ४० किलोमीटरपर्यंत पोहोचते. अँटेनाची उंची निम्मी केली तर हे अंतर ३० किलोमीटरच्याही आत येते. कोल्हापूरहून सरळ रेषेत इचलकरंजी २५ किलोमीटरच्या आत आहे. तेथे ऐकू येण्यास अडचण नसावी. निपाणी आणि सांगली ही गावे चाळीसच्या आतबाहेर. निपाणी कर्नाटकात असली तरी लहरींना सीमावाद ठाऊक नसतो. गडहिंग्लज मात्र ५० किलोमीटरच्या पुढे, आजरा त्याहून दूर आणि चंदगड तर ८० किलोमीटरच्याही पलीकडे. पश्चिमेला अंतर कमी असले तरी वाटेत डोंगर आहेत. पन्हाळा-जोतिबाच्या रांगेमागे आणि राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या खोऱ्यांत एफएमची सावली पडते. एकाच रस्त्यावर वळणागणिक आवाज येतो आणि जातो, याचे कारण हेच. मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगरदऱ्यांतूनही दूरवर जात असत. परंतु गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने देशात अनेक ठिकाणचे मध्यमलहरी प्रक्षेपक बंद केले आणि भर एफएमवर दिला. ध्वनीचा दर्जा त्यामुळे सुधारला, पण दुर्गम भागातील पोहोच आक्रसली.

या भूगोलाचे प्रतिबिंब जमाखर्चात पडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने खासगी एफएमवरील सरकारी जाहिरातींचा मूळ दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. प्रत्यक्ष दर ठरताना शहराची लोकसंख्या आणि श्रोतृसंख्या यांचा विचार होतो. येथे 'शहराची' हा शब्द कळीचा आहे. हातकणंगले वा शिरोळ तालुक्यातील श्रोता कितीही निष्ठेने ऐकत असला, तरी या हिशेबात तो नाही. श्रोतृसंख्येसाठी आधार राहतो तो भारतीय वाचक पाहणीचा. ती मुळात वृत्तपत्रांसाठीची पाहणी. रेडिओ हा तिच्यातील जोडप्रश्न. २०१९ च्या अखेरच्या तिमाहीचा अहवाल आला आणि महासाथीत खंडित झालेली ही पाहणी पुढे अनेक वर्षे रखडली. मोजला न जाणारा श्रोता वाहिनीला उत्पन्न देत नाही. उत्पन्न न देणाऱ्या श्रोत्यासाठी कोणी कार्यक्रम करत नाही, की सावलीतल्या खोऱ्यासाठी उपप्रक्षेपकाचा आग्रहही धरत नाही. हे दुष्टचक्र कोणा एका वाहिनीच्या अनास्थेतून निर्माण झालेले नाही. ते मोजमापाच्या रचनेतच आहे.

पुराची कसोटी

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, पाणीउपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा खंडित झाला, अनेक भागांत वीज गेली. वीज गेली की दूरचित्रवाणी बंद होते आणि काही तासांत मोबाइलचे मनोरेही मान टाकतात. दोन सेलवर चालणारा रेडिओ तेवढा उरतो.

येथे धोरणाने वाट मोकळी ठेवलेली आहे. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असली आणि आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याचीच मुभा असली, तरी २०११ च्या धोरणानुसार वाहतूक, हवामान, वीज-पाणी आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती ही बातमी मानली जात नाही. म्हणजे कोणता रस्ता बंद, कोणत्या शाळेत निवारा, धरणाचे किती दरवाजे उघडले, हे प्रत्येक वाहिनी सांगू शकते. अडचण वेगळीच आहे. पुराचा सर्वाधिक फटका बसणाऱ्या गावांत शिरोळ तालुक्याचा क्रमांक वरचा. कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडी कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर, म्हणजे प्रक्षेपणाच्या नेमक्या काठावर आहे. तेथील कोणत्या गावात कोणती वाहिनी स्वच्छ ऐकू येते, हे सांगणारा नकाशा प्रशासनाच्या हाताशी नसेल, तर सूचना प्रसारित झाली एवढेच खात्रीने म्हणता येईल; पोहोचली असे म्हणता येणार नाही.

इंटरनेटवरून रेडिओ ऐकता येतो आणि तेथे मोजणी आपोआप होते, मग या जुन्या पद्धतींची चिंता कशाला, असा युक्तिवाद केला जातो. पुण्यात नोकरी करणारा कोल्हापूरकर भ्रमणध्वनीवर गावाकडची वाहिनी ऐकतो, हे खरे. परंतु ती मोजणी स्मार्टफोन आणि डेटा परवडणाऱ्यांची. शेतात, ऊसतोडीच्या फडावर वा यंत्रमागाच्या खडखडाटात साधा संच लावणारा तिच्यातही बाहेरच राहतो. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना संचातील एफएमची सोय बंद न ठेवण्याची सूचना केली, ती आपत्तीच्या काळात इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही म्हणूनच.

वाहिन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. महानगरांप्रमाणे कायमस्वरूपी श्रोतृगट नेमून साप्ताहिक मापन करणे कोल्हापूरसारख्या शहराच्या उत्पन्नात बसणारे नाही. तिसऱ्या टप्प्यात वार्षिक परवाना शुल्क एकूण महसुलाच्या चार टक्के किंवा एकरकमी प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यांतील जे अधिक असेल ते, असे बांधले गेले. उत्पन्न घटले तरी शुल्काची खालची मर्यादा त्यामुळे सुटत नाही. हे शुल्क प्रवेश शुल्कापासून तोडावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने लातूर, बार्शी, चंद्रपूरसह देशातील २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. नवी शहरे जोडताना जुन्या शहरांच्या मोजणीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो सुटण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. वर्षातून एकदा जिल्हाभर नमुना पाहणी करणे, तिच्यात शहराइतकेच तालुक्यांना स्थान देणे आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवणे, हे शिवाजी विद्यापीठासारख्या तटस्थ संस्थेच्या आवाक्यातले काम आहे. प्रक्षेपणाची तीव्रता मोजणारे उपकरण गाडीत ठेवून बारा तालुक्यांतील रस्ते पालथे घालणे, हे तर काही दिवसांचे काम. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने पावसाळ्यापूर्वी ते करून घेतले, तर कोणत्या गावासाठी कोणत्या वाहिनीवरून सूचना द्यायची आणि कोठे ध्वनिक्षेपकच फिरवावा लागेल, हे आधीच ठरवता येईल. दुसऱ्या टप्प्यातून पुढे आलेल्या वाहिन्यांचे परवाने मार्च २०३० मध्ये संपत आहेत. त्यानंतरच्या अटी लिहिल्या जातील, तेव्हा 'शहर' या शब्दाच्या जागी 'प्रत्यक्ष प्रक्षेपणक्षेत्र' हा शब्द यावा, अशी मागणी कोल्हापूरने आतापासूनच करायला हवी. तसे झाले तर शिरोळचा श्रोता वाहिनीच्या हिशेबात येईल आणि त्याच्यापर्यंत आवाज पोहोचतो की नाही, याची चौकशी पूर येण्यापूर्वीच होऊ लागेल.