रिकाम्या कुंडीची बाजू

झाडांवर माया करणाऱ्या मंडळींपासून झाडांना वाचवायची काहीतरी सोय हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. कुऱ्हाड घेऊन येणारा निदान लांबून दिसतो. तांब्या घेऊन येणारा दिसत नाही. तो 'सहज डोकावलो' म्हणत येतो, गॅलरीत जातो आणि परत फिरतो तेव्हा प्रयागला जाऊन आल्यासारखा चेहरा करतो.

माझं भांडण मे फ्लॉवरवरून आहे. नावावरून ज्यांना ओळख पटली नसेल त्यांना खूण सांगतो. भर उन्हाळ्यात, कालपर्यंत ओसाड असलेल्या कुंडीतून एक जाड, बुडाशी ठिपके असलेला दांडा वर येतो आणि चार-सहा दिवसांत त्याच्या डोक्यावर लालभडक चेंडू फुलतो. हे एक फूल नव्हेच. चांगल्या पोसलेल्या कंदाला एका चेंडूत दोनशेपर्यंत फुलं असतात. वास म्हणाल तर नाही. गजऱ्यात जात नाही, हारात बसत नाही. आठदहा दिवस थाट करायचा की संपलं. मग पानं येतात, ती पावसाळाभर हिरवीगार राहतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात, आणि थंडीत कंद जो निजतो तो थेट पुढल्या उन्हाळ्यापर्यंत.

या निजण्यावर लोकांचा राग आहे.

"अहो, माती किती वाळलीय! तुम्हाला काही वाटत कसं नाही?" शेजारच्या काकू विचारतात. माझं उत्तर यायच्या आत तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत गेलेलं असतं. दुसरं कोणी चहाचा चोथा घालतं. आमची धाकटी मेहुणी म्हणजे तर कहर. "भावोजी, नुसती जागा कशाला अडवायची?" म्हणून तिने एका जानेवारीत, आम्ही आठवडाभर गावी गेलो असताना, त्या मातीत धणे पेरले. रोज दोन वेळा पाणी घालायची जबाबदारी काकूंनी आनंदाने घेतली. कोथिंबीर उत्तम आली. खालचे पाच कंद उकरून पाहिले तेव्हा त्यातले तीन सडक्या बटाट्यासारखे बोटाखाली बसले.

ते कंद माझ्या आईचे होते. चिपळूणहून वडिलांची बदली झाली तेव्हा तिने सामानाच्या ट्रंकेत, साडीच्या तुकड्यात गुंडाळून एकच कंद आणला होता. त्याचे पुढे पाच झाले. आई गेली त्या वर्षीही मे महिन्यात ते वेळेवर हजर झाले होते. मेहुणीला यातलं काही मी बोललो नाही. तिने दिलेली कोथिंबीर मात्र आमटीत घालू दिली नाही, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

आता कंदाची बाजू ऐका. हा मूळचा आफ्रिकेचा. सेनेगलपासून सोमालियापर्यंत आणि खाली थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत याची वस्ती. तिथे बऱ्याच भागांत पावसाचे महिने ठरलेले आणि बाकीचे कोरडे. तेव्हा पावसात पोटभर खायचं, ते कंदात साठवायचं आणि कोरड्या दिवसांत अंग चोरून पडून राहायचं, हा याचा खानदानी रिवाज. पानं नसली की पाणी उडून जायला वाट नाही, मुळं स्वस्थ, मग तुम्ही ओतलेलं पाणी जाणार कुठे? ते कंदाभोवती साचतं आणि कंद कुजतो. शास्त्रज्ञांनी याला आधी हेमॅन्थस, म्हणजे रक्तपुष्प, म्हटलं. 1976 साली स्कॅडॉक्सस या वेगळ्या बिऱ्हाडात नेऊन बसवलं. एवढी घरं बदलली, पण झोपेची वेळ त्याने बदलली नाही.

आणि हे कळायला आफ्रिकेपर्यंत कशाला जायला हवं? स्वयंपाकघरातली कांद्याची टोपली बघा. एक तरी गृहिणी कांद्यांवर रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतते का? लासलगावकडचा शेतकरी काढणीच्या आधी कांद्याचं पाणी तोडतो आणि मग तो हवेशीर चाळीत कोरडा ठेवतो. तिथे कोणी 'बिचारा तहानला असेल' म्हणत नाही. 2009 सालापासून वनस्पतिशास्त्राने कांदा आणि मे फ्लॉवर एकाच कुळात घातले आहेत. पण सख्ख्या भाऊबंदांत एकाला चाळ आणि दुसऱ्याला जलसमाधी, हा कुठला न्याय? (भाऊबंद म्हणून भाजीत मात्र घालू नका. हा कंद विषारी आहे. आफ्रिकेत काही ठिकाणी बाणाच्या टोकाला लावायच्या विषात याचा उपयोग करत. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.)

मला वाटतं, मूळ दुखणं पाण्याचं नाहीच. कोणी स्वस्थ पडलेलं आपल्याला बघवत नाही. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक मलाही पाणी घालताहेत. हास्यक्लबात या, संस्कृतचा वर्ग लावा, सोसायटीचं सेक्रेटरीपद घ्या. ते मी घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांनी 'गॅलरीतील रिकाम्या कुंड्या तात्काळ हटवाव्यात' अशी पहिली नोटीस काढली.

रिकामी! दोन कंद आत आहेत, साहेब. पावसाळ्यात त्यांना पाणी द्या, सकाळचं कोवळं ऊन द्या, थोडं शेणखत द्या. फूल गेल्यावर पानं 'गबाळी दिसतात' म्हणून कापू नका, पुढल्या वर्षीची शिदोरी तीच बांधतात. कुंडी दाटली तरी बदलायची घाई नको, दाटीतच हे झाड खुशीत असतं. आणि पानं वाळली की हात आवरा.

सध्या आमची कुंडी पलंगाखाली आहे. पानं नाहीत तोवर त्याला उजेडही लागत नाही. परवा काकूंनी गॅलरीत डोकावून विचारलं, "कुंडी दिसत नाही ती?"

"गावी गेलीय," मी म्हटलं. "मे महिन्यात येईल."