धान आणि पोतं

दिवाळीत भाचा तुमसरला आला होता. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. बोलता बोलता गाडी बूलियन फंक्शनवर आली आणि साहेब म्हणाले, "मामा, फंक्शन समजलं म्हंजे झालं. टेबलात लिवा नाहीतर सूत्रात, का फरक पडते? धान महत्त्वाचं, पोतं नाही."

झालं, माझं डोकं फिरलं. दोष पोराचा नाही. ४ चलांचे के-मॅप काढले की मार्क देणाऱ्या अभ्यासक्रमाचा आहे. ४० चलं आली तर काय, हे विचारतो कोण? ४० चलांच्या सत्यता सारणीत सुमारे १ लाख १० हजार कोटी ओळी होतात. भरा आता पोत्यात!

आणि चलं हौसेनं वाढत नाहीत. प्रोलॉगचा प्रोग्राम न चालवता तपासायचा, म्हणजे अमुक जागी अमुक चलाची किंमत पूर्ण ठरलेली असेल का, हे आधीच सांगायचं. दोन याद्या जोडणारा 'अपेंड' घ्या. त्याचं काम झाल्यावर पहिल्या दोन्ही याद्या पूर्ण ठरलेल्या असतील तर तिसरीही असते, आणि तिसरी असेल तर त्या दोन्ही असतातच. हे झालं ३ चलांचं बूलियन फंक्शन. नियम स्वतःलाच बोलावत असला की फंक्शन काढा, त्यावरून पुन्हा काढा, बदलायचं थांबेपर्यंत काढत राहा. दर फेरीला प्रश्न तोच: नवं आणि जुनं एकच आहे का? सूत्रं असतील तर एकच फंक्शन शंभर तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं, आणि ही साधी वाटणारी तपासणीच घाम काढते.

रँडल ब्रायंट यांच्या १९८६ सालच्या निर्णय-आकृत्यांत चलांचा क्रम पक्का केला की एका फंक्शनची आकृती एकच. प्रश्न चुटकीसरशी सुटतो. पण क्रम चुकवून बघा! ४० चलांच्या २० जोड्या करा, जोडीत 'आणि', जोड्यांमध्ये 'किंवा'. जोडीदार शेजारी ठेवले तर आकृतीत ४२ गाठी. सगळे पहिले आधी आणि सगळे दुसरे नंतर ठेवले तर २० लाख ९७ हजार १५२. धान तेच बरं का!

आर्मस्ट्राँग, मॅरियट, शाख्टे आणि सोंडरगार्ड या चौघांनी १९९८ मध्ये एका शोधनिबंधात याच कामातल्या पोत्यांची तुलनाही केली. रिकामटेकडे होते का ते? आपल्या मुंबईच्या आयआयटीतही सुप्रतीक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये, वेगळ्या कामासाठी का होईना, बूलियन फंक्शन लिहायचं एक नवं रूपच मांडलं. आणि आमच्याकडे हा 'इम्प्लिमेंटेशनचा बारकावा', म्हणजे परीक्षेत न येणारा.

असो. भाच्याला २० जोड्यांची आकृती कागदावर काढायला बसवलं, उलट्या क्रमानं. चौथ्या जोडीला कागद संपला.

"मामा, दुसरा कागद आहे का?"

"नाही," म्हटलं, "क्रम बदल."