हॉपची वेल आणि आईची अंबील

मे महिन्याच्या सुट्टीत आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे सिमरोलला गेलो होतो. इंदूरहून खांडव्याच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. आयआयटी आल्यापासून त्याचं नाव सर्वतोमुखी झालं आहे. भाऊजी पिथमपूरच्या कारखान्यात आहेत; भाचा इंदुरात एम. एस्सी. करतो.

गच्चीवर कुंडीतून दोरीवर चढवलेली एक वेल दिसली. पानं द्राक्षासारखी, देठ खरखरीत. ''मामा, ही हॉप्सची वेल. घरीच बिअर करून बघणार आहे,'' भाचा उत्साहानं म्हणाला.

मग त्यानं मला शिकवणीच दिली. सातूला मोड आणून वाळवायचे, भरडून गरम पाण्यात ठेवायचे, म्हणजे त्यातल्या पिठुळाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं. बिअरचा कडवटपणा आणि वास या फुलांचा. शिवाय त्यांच्यामुळे ती लवकर नासत नाही. निवल्यावर यीस्ट घालायचं. साखर खाऊन ते मद्यार्क तयार करतं. हॉप्स भांगेच्या कुळातली, हे ऐकून मात्र मी चमकलो.

''मग फुलं कुठं आहेत?'' मी विचारलं.

तिथंच घोडं अडलं होतं. या वेलीला कडक हिवाळा लागतो आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस. जर्मनीत हॉप्स पिकतात त्या हालरटाऊ भागात जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. सिमरोलला जेमतेम साडेतेरा. आपल्या देशात ही वेल रुळली ती हिमाचलातल्या लाहौलच्या थंडीत. शिवाय परवान्याशिवाय घरात बिअर करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हेही मी त्याला सांगितलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

आई पायरीवर बसून सगळं ऐकत होती. ''ब्याडप्पा,'' एवढंच म्हणाली आणि खाली गेली. रात्री ती नीट जेवलीही नाही. बहीण आणि मी एकमेकांकडे पाहिलं. कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. भाच्याला आजोबा फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत.

सकाळी स्वयंपाकघरात आंबूस वास सुटला होता. पिशवीतून आणलेलं नाचणीचं पीठ आईनं रात्रीच पाण्यात कालवून ठेवलं होतं. उकळत्या पाण्यात ते सोडून, ढवळत शिजवून, गार झाल्यावर ताक, मीठ, जिरं, बारीक कांदा. आपल्याकडे एकाच घरात सून अंबील म्हणते, सासू अंबली. भाच्यानं पेला तोंडाला लावला. ''आजी, हेही आंबवलेलंच की! फक्त इथं काम लॅक्टिक जिवाणूंचं.''

''हं. पण ही पिऊन कुणी बायकोवर हात उचलत नाही,'' आई म्हणाली.

भाचा पेला हातात धरून तसाच बसला. मग हळूच म्हणाला, ''आजोबा घरीच गाळायचे?''

''नाही रे. विकतची. सारायी. पगाराच्या दिवशी मी दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहायची, तुझ्या आईला कडेवर घेऊन.''

कर्नाटकात सारायी बंद झाली 1 जुलै 2007 रोजी. बाबा गेले 2004 साली. आईनं हा हिशेब कधी बोलून दाखवला नव्हता. त्या दिवशी दाखवला. ''तीन वर्षं आधी झाली असती तर...'' म्हणाली आणि पेले विसळायला उठली.

बंदीनं बाबा वाचले असते का? मला खात्री नाही. ज्याला प्यायचीच असते त्याला दुसरी बाटली सापडते. भाचाही काही बाबांसारखा नाही. त्याला नशेपेक्षा रसायनाचं कुतूहल. पण वीस वर्षं आम्ही घरात जे झाकून ठेवलं, ते पोराला आधीच सांगायला हवं होतं, एवढं मात्र पटलं.

निघताना भाचा वेल उपटायला निघाला. आईनंच अडवलं. ''असू दे. सावली चांगली देते. पाणी घालत जा.''

अंबील कशी करायची, ते मात्र त्यानं वहीत उतरवून घेतलं.